डोकं त्यांना, धड घरी

कल्ल्यांच्या मागं सुरी टेकवून नियमबुवांनी एकच दाब दिला आणि माशाचं डोकं धडापासून वेगळं झालं. ते त्यांनी पिशवीत घातलं, पिशवीला चिठ्ठी बांधली, तिच्यावर तलावाची बाजू, माशाची लांबी आणि आजची तारीख लिहिली. धड ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलं. डोकं धक्क्यावरच्या फ्रीझरमध्ये, धड घरी. हे सगळं ते अशा निगुतीनं करायचे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस मासा कापत नाही, कुणा तान्ह्या बाळाची नखं काढतोय.

"नीट बघितलंस ना रे?" खालच्या पायरीवरून चष्मेवाला म्हणाला. "शेपटीजवळचा पर खरंच कापलेला होता? की घाईघाईत एखाद्या सज्जनाचा बळी दिलास?"

"पर अख्खा असता तर तो आत्ता पाण्यात असता. माझ्या टोपलीत तुझ्यासारखी भेसळ नसते."

"मला बाबा तो पर दिसतच नाही. चष्म्यावर वाफ येते."

"चष्म्याचं दुकान तुझं!"

"म्हणूनच तर. शिंप्याचा सदरा कधी धड बघितलायस?"

नियमबुवा हसले नाहीत, पण मिशी हलली. दोघं शेजारी बसून गळ टाकायला लागले त्याला बरीच वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत हे भांडण एकदाही संपलं नव्हतं. संपू नये म्हणून दोघंही काळजी घेत.

भांडण होतं ते एका पराचं. तलावाच्या वरच्या अंगाला मत्स्यबीज केंद्र होतं. तिथं टाक्यांमधून मासे वाढवायचे आणि बोटभर झाले की तलावात सोडायचे. सोडण्याआधी प्रत्येकाच्या शेपटीजवळचा एक चिमुकला पर कापायचा आणि नाकाडात केसाहून बारीक तारेचा तुकडा टोचायचा. पुढं कधी तो मासा सापडला की त्या तारेवरून कळायचं, हा कुठल्या टाकीतला, कुठल्या साली सोडलेला. पण तलाव एवढा अफाट. शास्त्रज्ञांनी दिवसभर काठावर बसून मासे पकडायचे म्हटलं तर शास्त्र कधी करायचं? म्हणून त्यांनी हौशी गळवाल्यांना हाताशी धरलं. नियम सोपा होता. कापलेल्या पराचा मासा लागला तर तो तुमचा, फक्त डोकं आम्हाला द्या. अख्ख्या पराचा लागला तर तो तलावाचा. त्याला हलक्या हातानं सोडून द्या.

बाकीचे गळवाले हा नियम जमेल तसा पाळत. नियमबुवा तो जपत. उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. लिफ्टमधली 'इतकीच माणसं' ही पाटी मनापासून वाचणारा बहुधा पृथ्वीतलावर हा एकच माणूस असेल. निवृत्त झाल्यावर पाळायला काही उरलं नाही, तेव्हा हा पर मिळाला. हातात आलेला मोठा, चमचमता, अख्ख्या पराचा मासा पाण्यात सोडताना त्यांना मनोमन फार बरं वाटायचं. नेमानं वागणाऱ्या माणसाचं एक असतं. आपण नियम पाळतो म्हणजे वरचा आपला हिशेब पाळतो, असं त्याला हळूहळू वाटू लागतं. तो हे कुणाला बोलून दाखवत नाही. स्वतःलासुद्धा नाही.

फ्रीझरचं झाकण उचलायला ते उठले तेवढ्यात उतारावरून पांढरी गाडी खाली आली.

"मासेबाई? आज?" चष्मेवाला म्हणाला. "महिनाअखेर तर लांब आहे."

केंद्रातल्या शास्त्रज्ञ बाईंना सगळे गळवाले मासेबाईच म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. महिनाअखेरीला त्या डोकी न्यायला यायच्या, नियमबुवांच्या थर्मासमधला चहा हक्कानं मागून प्यायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतायत आमची लेकरं?" आज त्यांनी काहीच विचारलं नाही. गाडीतून उतरून त्यांनी कोपरापर्यंत येणारे निळे हातमोजे चढवले आणि फ्रीझर रिकामा करायला सुरुवात केली. पिशव्या काढल्या. मग तळाला जमलेला बर्फही खरवडून एका डब्यात भरला.

"मॅडम, चहा?"

"नको. आज नको."

"ही आजची. ताजी आहे." नियमबुवांनी पिशवी पुढं केली.

बाईंनी ती घेतली, चिठ्ठी वाचली. "आणि धड?"

"टोपलीत."

"तेही द्या."

नियमबुवांनी फडकं सोडून धड दिलं. बाईंनी ते वेगळ्या पिशवीत घातलं, ती पिशवी आणखी एका पिशवीत घातली आणि मगच डब्यात ठेवली. चष्मेवाल्यानं आपली टोपली पायानं हळूच मागं सरकवली, पण बाईंचं तिकडं लक्षच नव्हतं.

"आता मी सांगेपर्यंत मासे घरी नेऊ नका," त्या म्हणाल्या. "कुणीच."

"का हो?"

"तपासणी चालू आहे. अजून नक्की असं काही नाही. घाबरण्यासारखं काही नाही."

हे वाक्य नियमबुवांच्या चांगल्या ओळखीचं होतं. लिफ्टच्या दोराचे पदर सुटलेले दिसले की ते स्वतः बाहेर येऊन इमारतीतल्या लोकांना अगदी याच आवाजात सांगत, घाबरण्यासारखं काही नाही, आज फक्त जिन्यानं जा. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"मॅडम, मी यंत्रावरचा माणूस आहे. मला सरळ सांगा."

बाईंनी मोजे काढले, उलटे करून पिशवीत टाकले. धक्क्याच्या नळावर हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मग ओले हात तसेच धरून त्या बोलल्या.

"टाक्यांना आतून रंग आहे. फार जुना. त्याचे पोपडे सुटत होते आणि कुणी लक्ष दिलं नाही. पिल्लांना समोर पडेल ते तोंडात घ्यायची सवय असते. तारा शोधताना डोकी उघडली, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीला वाटलं की मेंदूचा रंग बरा दिसत नाही. म्हणून पुढं तपासलं." त्या थांबल्या. "त्या रंगात पूर्वी जे विषारी रसायन घालायचे ते मांसात साठतं, जात नाही. शिजवलं तरी जात नाही."

"म्हणजे केंद्रातल्याच माशांत?"

"तलावातले मूळचे मासे स्वच्छ आहेत. तेही तपासले आम्ही." मग त्यांनी नियमबुवांकडं पाहिलं. "तुम्ही नेत होता ते... सगळेच कापलेल्या पराचे?"

"सगळे!" नियमबुवा म्हणाले. सवयीनं छाती थोडी पुढं आली. "अख्ख्या पराचा एक नाही. हवं तर याला विचारा."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"एखादा तरी नेला असेल की तसा. चुकून. अधूनमधून."

त्या आवाजात अजिजी होती. आजवर नियमबुवांना नियम मोडण्याबद्दल बोलणारे पुष्कळ भेटले होते. त्यांनी तो मोडलेला असावा म्हणून कळवळणारं माणूस ते पहिल्यांदा पाहत होते. छाती आपोआप जागेवर आली.

"नाही मॅडम. एकही नाही."

"मोठ्या माणसांना सहसा काही होत नाही," बाई घाईनं म्हणाल्या. "अंगात साठतं, पण मोठं माणूस निभावून नेतं. प्रश्न लहानांचा आहे. आणि जी अजून जन्माला यायचीत त्यांचा. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. मुलगा मालवाहू बोटीवर असतो. वर्ष वर्ष येत नाही."

"लहान मूल? कुणी गरोदर बाई?"

खालच्या पायरीवर चष्मेवाल्याचं रीळ करकरत होतं, ते थांबलं.

"नाही," नियमबुवा म्हणाले. "दोघंच आम्ही."

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना ऐकू आला. घरात ठरलंच होतं तसं, त्यांनी स्वतःला सांगितलं. सुनेची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, म्हणून या खेपेला बाहेर वाच्यता करायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ठरलेलं पाळलं, एवढंच.

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच बरं वाटलं हे दिसलं. "काही आठवलं तर फोन करा. केव्हाही करा."

गाडी चढावर दिसेनाशी झाली. तलाव सकाळपासून होता तसाच निवांत होता. मधूनच कुठं तरी मासा उसळी मारायचा आणि पाण्यावर गोल उठायचा. एरवी असा गोल दिसला की दोघंही तिकडं मान वळवत.

"मी सगळ्यांत अव्वल चोर," चष्मेवाला म्हणाला. "माझ्या घरी अख्ख्या पराचेच गेले. मोठे असतात म्हणून."

नियमबुवांना वाटलं, आता हा चिमटा काढणार. इतक्या वर्षांची उधारी फेडायला यापेक्षा चांगली वेळ कुठली? चष्मेवाल्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुसतच राहिला.

"तू बाईंशी खोटं का बोललास?"

"काय खोटं बोललो?"

"मागच्या महिन्यात तुझी सून दुकानात आली होती. फ्रेमचा स्क्रू सैल झाला होता. ढगळ कोट घातला होता भर उन्हात. मी काही विचारलं नाही. पण बघणं हा माझा धंदा आहे रे."

"दृष्ट लागते म्हणून बोलायचं नाही असं ठरलंय घरात."

"दृष्ट!" चष्मेवाला म्हणाला. मग नियमबुवांची काठी त्यानंच उचलली, दोरी गुंडाळली, गळ बुचात खोवून दिला. "घरी जा तू. आणि वाटेत विचार करत बसू नकोस. विचार करायला लागलास की तुझं घोडं पेंड खातं, ठाऊक आहे मला."

नियमबुवा निघाले. टोपली रिकामी होती तरी तिचा पट्टा खांद्याला काचत होता. वाटेत विचार करायचा नाही म्हटलं की माणूस दुसरं काय करतो? सुनेला दिवस गेल्याचं कळलं ती सकाळ त्यांना आठवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मासे भरपूर खा, बाळाच्या मेंदूला चांगले. ते त्याच पावली तलावावर गेले होते आणि पहिल्याच फेकीला कापलेल्या पराचा मासा गळाला लागला होता. त्यांनी आभाळाकडं बघून हात जोडले होते. तेव्हापासून एक आठवडा चुकवला नव्हता. सुनेसाठी नेहमी मधला तुकडा, पोटाकडचा, चरबीचा. तो सगळ्यात चांगला म्हणून.

देवा, इतकी वर्षं मी तुझ्याकडं काही मागितलं का रे, असं काहीसं त्यांच्या ओठावर आलं. पण त्यांना पुढं काय म्हणावं सुचेना, आणि तेवढ्यात घर आलं.

दार उघडंच होतं. तव्याचा चर्र आवाज ओट्यावरून बाहेरपर्यंत येत होता.

"आलात? हात धुवा आधी," बायको न वळताच म्हणाली. "तुमचा भरवसा नाही म्हणून मी परवाचे तुकडे काढले. टोपली रिकामी वाटतं?"

"आज लागला नाही."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे सुनेला होतं.

सून टेबलापाशी बसली होती. ती रेडिओवर बातम्या वाचायची. डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितल्यापासून घरी होती, आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टी बातम्यांसारख्या वाचून सासूला हसवायची. आता सातवा लागला होता. मागची दोन्ही बाळं इथवर आली नव्हती, त्यामुळं घरात हल्ली सगळेच जरा मोठ्यानं बोलू लागले होते. तिच्यासमोर ताट होतं. एक तुकडा संपून काटे कडेला नीट रचून ठेवले होते. दुसऱ्या तुकड्याला तिनं नुकता हात घातला होता.

"ठळक बातम्या," ती म्हणाली. "ज्येष्ठ मत्स्यवीर आज रिकाम्या हातानं परतले. कारण समजू शकलेलं नाही."

नियमबुवा हात न धुताच पुढं आले, खुर्चीवर बसले आणि तिचं ताट आपल्याकडं ओढलं.

"बाबा! अहो, माझं ताट आहे ते!"

"भूक लागलीय."

"अहो, जनाची नाही तर मनाची तरी!" बायको उलथणं हातात घेऊनच वळली. "पोटुशी पोर समोर बसलीय आणि तिच्या पुढ्यातलं ओढून घेता? तव्यावर आहे की अजून."

"तेही मलाच वाढ."

"सगळं?"

"सगळं. फ्रीजमधलं पण काढ."

दोघी हसायला लागल्या. सासूनं डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपलं. नियमबुवा खात होते. ते तुकडे मोडत नव्हते, काटे काढत नव्हते; मोठमोठे घास तोंडात कोंबून गिळत होते, आणि पुढच्या घासासाठी हात ताटात जात होता तेव्हा दुसरा हात ताटाच्या कडेला गच्च धरून होता, जणू कुणी ते हिसकावून नेईल.

सुनेचं हसू आधी थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "काटे आहेत त्यात."

त्यांनी मान हलवली. पुढचा घास कोंबला.

"बाबा, काय झालंय?"

आता सांगायचं. तोंडात घास आहे म्हणून सांगता येत नाही, असं त्यांना वाटलं. घास उतरला तरी सांगता येईना. समोरचा चेहरा त्यांच्याकडं बघत होता, चष्म्याचा नवा स्क्रू कोपऱ्यात चमकत होता, आणि त्या चेहऱ्याकडं बघून म्हणता येईल असं एकही वाक्य त्यांच्यापाशी नव्हतं. ते उठले. पाठीमागं भिंतीला फोन होता, तिकडं तोंड करून उभे राहिले आणि तेलकट बोटांनी आकडे दाबले.

"मॅडम, मी बोलतोय. धक्क्यावरचा. लिफ्टवाला." त्यांचा आवाज नको तितका मोठा निघाला. "मघाशी मी तुमच्याशी खोटं बोललो. घरात आम्ही दोघं नाही. सून आहे. तिला सातवा महिना आहे."

मागं तव्याचा आवाज चालू होता. मग खट्कन गॅस बंद झाल्याचं ऐकू आलं, पण तेल काही वेळ तडतडतच राहिलं.

"हो. तिनंही खाल्लेत," ते भिंतीला म्हणाले. "हो. केंद्रातलेच. कापलेल्या पराचे. दुसरे मी आणलेच नाहीत." मग ते ऐकत राहिले. "कधीपासून म्हणजे..."

"पहिल्यापासून," सून म्हणाली.

ती कधी उठून पाठीशी आली हे त्यांना कळलं नव्हतं. तिनं हात धुतलेले होते. पाणी मनगटावरून ओघळत होतं.

"अगं, तू बस," बायको म्हणाली. "अहो, काय चाललंय? कसले केंद्रातले? कुणी सांगेल का मला?"

"द्या इकडं, बाबा."

"मी सांगतो त्यांना. तू नको—"

"द्या."

फोन त्यांच्या मुठीतून सुटेना. तिनं त्यांची बोटं एकेक करून उलगडली, रागानं नाही, जपून, आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार. मी त्यांची सून," ती म्हणाली. "हो. आठवड्यातून तीनदा तरी... नाही, उलट्या नाहीत. हालचाल आहे. सकाळीसुद्धा होती... हो... हो... पोटाकडचा तुकडा, हो. नेहमी तोच."

नियमबुवा खाली बघत होते. बायको ओट्यापासून पुढं आली होती आणि उलथण्यावरून तेलाचे थेंब फरशीवर पडत होते.

सुनेनं पायानं खुर्ची जवळ ओढली, पण ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पलीकडच्या बाई आता सलग बोलत होत्या. त्यांचा आवाज बारीक, अस्पष्ट असा खोलीत येत होता. शब्द येत नव्हते. तो थांबला तेव्हाही सुनेनं फोन कानापासून काढला नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सावकाश."